टोपीवाल्याच्या मागे बघ

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सक्काराच्या थडग्यावरचा तो नेटफ्लिक्सचा माहितीपट तीनदा पाहिलास आणि आता इजिप्तलाच जायचं ठरवलंस, हे वाचून हसू आलं. तुला हसलो नाही, स्वतःलाच हसलो. विशीत असताना मीही तुतानखामुन या प्राचीन इजिप्तच्या राजाच्या सोनेरी मुखवट्याचा फोटो मासिकातून कापून पाकिटात ठेवला होता. पुढे तीस वर्षं उत्खननात निघालेल्या खापरांवर आकडे टाकत बसलो.

तू विचारतेस, "सर, त्या टोपीवाल्या माणसासारखं व्हायला काय शिकावं लागतं?" टोपीवाला म्हणजे टीव्हीवर दिसणारे इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास, हे कळलं. सांगतो, पण जरा वळसा घेऊन.

तू पाहिलास तो माहितीपट २०२० सालचा. वाहती नावाच्या पाचव्या राजवंशातल्या पुरोहिताचं थडगं २०१८ मध्ये सापडलं, त्याची ही गोष्ट. मला तो आवडला, कारण त्यात खणणारी, वाचणारी, हाडं तपासणारी माणसं इजिप्तचीच आहेत आणि कॅमेरा त्यांच्या हातांवर थांबतो. पण चौथ्यांदा बघशील तेव्हा हाडांचा भाग नीट ऐक. घरातल्या माणसांना मलेरियाने गाठलं असावं, असा तर्क तिथे येतो. 'असावं' हा शब्द पुढच्या दृश्यापर्यंत टिकतो का, तेवढंच बघ. या सगळ्या कार्यक्रमांत आधी गळतो तो हाच शब्द.

आता गळ्यातल्या हारांची गोष्ट सांगतो. ती मला मुखवट्याहून मोठी वाटते.

१९०७ च्या डिसेंबरात लक्सरजवळच्या राजांच्या दरीत थिओडोर डेव्हिस या धनिक अमेरिकन माणसाच्या लोकांना एक छोटा खड्डा सापडला. आत मोठाली मडकी होती. मडक्यांत सोनं नाही. चिंध्या, मीठ भरलेल्या पिशव्या, फुटकी भांडी आणि पानाफुलांचे, पपायरसवर शिवलेले गळ्यातले हार. डेव्हिस हिरमुसला. पाहुणे आले होते, त्यांना काहीतरी दाखवायला हवं होतं. मग तीन हजार वर्षांनीही हे किती मजबूत राहिलंय हे दाखवायला त्याने त्यांच्यासमोर हार ओढून तोडले. उरलेला ऐवज न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात गेला. तिथला पुरातत्त्वज्ञ हर्बर्ट विनलॉक वर्षानुवर्षं त्याचा विचार करत राहिला आणि १९४१ साली त्याने सविस्तर मांडलं की हा तुतानखामुनच्या ममीकरणातून आणि अंत्यविधीच्या जेवणातून उरलेला पसारा आहे. म्हणजे तेराव्याच्या पंगतीनंतर आवरून ठेवलेली भांडी म्हण ना. डेव्हिस मात्र खुद्द तुतानखामुनचं थडगंच आपल्याला सापडलं अशा समजुतीत गेला, तेही दुसऱ्याच एका लहानशा खोलीवरून.

याच दरीत २००६ साली ओटो शाडेनच्या चमूने केव्ही ६३ (म्हणजे दरीतल्या यादीतली त्रेसष्टावी) ही खोली उघडली. तुतानखामुननंतर दरीत सापडलेली ही पहिलीच नवी जागा. सात शवपेट्या, अठ्ठावीस मोठी मडकी. एकेक पेटी उघडत गेले, ममी कुठेच नाही. जूनच्या अखेरीस शेवटची पेटी उघडली तेव्हा कॅमेरे दाटीवाटीने उभे होते. आत काय? फुलांचे हार. तेच, डेव्हिसने तोडले होते त्या जातीचे. आता कॅमेऱ्याच्या हिशेबाने हा फुसका बार. पण या वेळी त्यांना कुणी ओढून पाहिलं नाही. त्या शंभर वर्षांत आमच्या धंद्यात काय बदललं, ते मला या दोन प्रसंगांतून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही पाठ्यपुस्तकातून कळलेलं नाही. आणि काय बदललेलं नाही, तेही. पाहुणे जाऊन कॅमेरे आले, एवढंच.

'पहिल्यांदाच उघडतंय' हे वाक्य ऐकलंस की सावध हो. ही चाल टीव्हीने काढलेली नाही. तुतानखामुनच्या शवकक्षाची भिंत त्याचं थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरने १६ फेब्रुवारी १९२३ ला मान्यवरांसमोर फोडली. प्रत्यक्षात कार्टर आणि त्याला पैसा पुरवणारा लॉर्ड कार्नारव्हन आधीच चोरांच्या जुन्या भोकातून आत जाऊन आले होते. भोक पुन्हा बुजवलं आणि पुढे टोपलीचं झाकण आणि बोरू टेकवून ठेवले. उत्खननाचा छायाचित्रकार हॅरी बर्टन याच्या फोटोत ते झाकण आजही दिसतं. कार्टरचाच सहकारी, रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकस, याने हे पुढे छापून टाकलं.

कार्टरला नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. आमच्या एका उत्खननावर एका वाहिनीचे लोक आले होते. आदल्या दिवशी काढलेलं मडकं त्यांना 'सापडताना' हवं होतं. मी ते परत चरात ठेवलं, वर माती भुरभुरवली आणि ब्रशने हळूहळू 'शोधलं'. चित्रण झकास झालं. दोन-तीन वर्षांनी एका विद्यार्थ्याने ते पाहिलं आणि विचारलं, "सर, नोंदवहीत तारीख वेगळी आहे आणि थरही वेगळा दिसतोय, हे कसं?" मला उत्तर सुचेना. आजही सुचत नाही.

आता काही न सापडण्याबद्दल. १७ सप्टेंबर २००२ ला गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमधून थेट प्रक्षेपण झालं. अरुंद बोगद्यातून यंत्रमानव वर चढला, दगडी 'दारा'ला भोक पाडलं, कॅमेरा आत सरकवला. आत आणखी एक दगड. मला ते फार आवडलं, कारण आमची कामाची बहुतेक संध्याकाळ अशीच असते. याउलट २०१५ चं प्रकरण बघ. तुतानखामुनच्या भिंतींचं बारीक स्कॅन पाहून निकोलस रीव्ह्ज या अभ्यासकाने मांडलं की मागे आणखी खोल्या असाव्यात, कदाचित राणी नेफर्टिटीच्या. रडारची पहिली पाहणी झाली आणि इजिप्तच्या पुरातत्त्व मंत्र्यांनी नव्वद टक्के खात्री असल्याचं पत्रकारांना सांगितलं. दुसऱ्या पाहणीत ते दिसलं नाही. २०१८ मध्ये तुरिनच्या तंत्रविद्यापीठाच्या चमूने तिसरी पाहणी केली आणि खोल्या नाहीत असं सांगितलं. नव्वद टक्क्यांची बातमी जगभर गेली. तिसऱ्या पाहणीची तू तरी ऐकली होतीस का? रीव्ह्ज चुकला याचा मला राग नाही. तर्क मांडायचा, तपासायचा, पडला तर सोडायचा, हेच काम आहे. वाईट एवढंच की पडण्याचा भाग बघायला कुणी थांबत नाही.

आणि तो टोपीवाला. झाही हवास यांच्याबद्दल माझं मत दुहेरी आहे, तसंच राहू दे. २००२ ते २०११ पुरातत्त्व खातं त्यांच्या हातात होतं. खणायची परवानगी देणारा माणूसच पडद्यावरचा नायक झाला, की त्याच्याशी मतभेद असलेल्यांची पंचाईत होते. पण त्यांच्या आधी पाश्चात्त्य पडद्यावर इजिप्तचा माणूस बहुधा टोपली उचलून मागून जाताना दिसायचा. तो मधोमध येऊन 'हे आमचं आहे' म्हणाला, याचं मोल मी कमी करणार नाही.

टोपली उचलणाऱ्यांकडे मात्र तू बघायलाच हवं. १८९३-९४ च्या हंगामात फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने इजिप्तमधल्या कुफ्त गावातल्या माणसांना खणायला शिकवलं. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या तिथले लोक इजिप्तभर उत्खननांवर जातात, आणि त्यांच्या मुकादमाला 'रईस' म्हणतात. मातीचा रंग बदलला हे बोटांना आधी कळतं ते त्यांच्याच. रायझनर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाच्या गिझाच्या उत्खननात तर मोहम्मदानी इब्राहिम यांच्यासारख्या इजिप्शियन छायाचित्रकारांनी हजारो काचेच्या प्लेटांवर छायाचित्रं घेतली. आज ज्यांच्यावरून आपण वाद घालतो, ती छायाचित्रं.

तर काय शिकायचं? चित्रलिपी शीक, पण तिच्याआधी रेखाटन शीक. फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी एक भाषा घे, जुने अहवाल तिथेच अडकलेत. बोलायपुरती अरबी घे, रईसशी चहा पिता येईल एवढी. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, पाया तिथे घालता येतो. बडोद्याला मावशीकडे जातेस ना? तिथल्या संग्रहालयातली ममी बघून ये, आणि तिच्यासमोर फोटो काढण्याआधी पाटी वाच. ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने कार्टरच्या नोंदी आणि बर्टनचे फोटो सगळ्यांना बघायला खुले ठेवलेत. तुतानखामुनच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू बाहेर काढायला दहा वर्षं लागली. त्यातल्या एका वस्तूचं कार्ड घे आणि आठवडाभर तेच वाच. कंटाळा आला तर मला मोकळेपणाने कळव, त्यात कमीपणा नाही.

इजिप्तच्या तिकिटाचं नंतर बघू. आधी डिसेंबरात आमच्या चरावर ये, खापरं धुवायला माणसं कमी पडतात. येताना टोपी आण. ऊन फार असतं.

तुझा,
सर