जुनी खुकुरी घ्यावी की नवी घडवलेली?

प्रश्न : मी जुने अडकित्ते आणि पितळी कुलपे जमवतो. आता संग्रहात एक नेपाळी खुकुरी, म्हणजे पुढे वाकलेल्या पात्याचा मोठा सुरा, असावी असे वाटते. ओळखीचे एक विक्रेते ‘पहिल्या महायुद्धात गुरखा सैनिकाने वापरलेली’ म्हणून एक खुकुरी दाखवत आहेत. तिची किंमत नव्या खुकुरीच्या कितीतरी पट आहे. संग्राहकाने जुनी घ्यावी की नवी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिली खुकुरी नवीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते केवळ किमतीमुळे नाही. अडकित्त्याचे जुनेपण आपल्या हाताला कळते, कारण घराघरांतल्या पानाच्या तबकांत आपण ते लहानपणापासून पाहिलेले असतात. खुकुरीशी आपला असा घरोबा नाही. चांगल्या घडणीची एक नवी खुकुरी काही महिने हाताळली, तिचा तोल, पाठीची जाडी आणि मुठीची बसवण ओळखीची झाली, की मगच जुन्या नगात काय पाहायचे हे कळू लागते.

पूर्व नेपाळमधील भोजपूर आणि धरान येथील कामी, म्हणजे लोहारकाम करणाऱ्या समाजातील कारागीर, आजही हाताने खुकुरी घडवतात. पोलाद बहुधा ट्रकच्या कमानपाट्यांचे असते, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही, कारण धक्के सोसण्यासाठीच ते पोलाद बनवलेले असते. खरे कसब पाणी देण्यात आहे. लाल तापलेले पाते संपूर्ण न बुडवता, किटलीच्या तोटीतून फक्त धारेवर पाणी सोडतात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. विक्रेत्याची परवानगी घेऊन बारीक कानस हलकेच फिरवून पाहावी. पात्याच्या फुगीर भागात, धारेपाशी, ती घसरते आणि पाठीशी लोखंड पकडते. दोन्हीकडे सारखीच पकडत असेल, तर ती वस्तू भिंतीवर टांगण्यापुरतीच आहे, असे समजावे. सिंहाच्या तोंडाची मूठ आणि चकाकती नक्षी असलेले नग बहुतेक पर्यटकांसाठी बनतात. संग्राहकाने ते सोडून द्यावेत. म्यानासोबत कर्द नावाचा लहान चाकू आणि चकमक नावाची बोथट पट्टी आहे ना, हेही पाहावे.

आता आपल्याला दाखवलेल्या खुकुरीविषयी. ती कुणी वापरली, हे पोलाद सांगत नाही. ते विक्रेता सांगतो, आणि पैसे मोजायचे ते पोलाद जे सांगते त्याचेच. त्या काळात ब्रिटिश हिंदी सैन्यासाठी बनलेल्या कित्येक खुकुऱ्यांच्या पात्यावर १९१५, १९१७ असे साल ठोकलेले असते आणि सरकारी मालकीची बाणाची खूणही आढळते. असा ठसा असेल, तर भिंगाने त्याच्या कडा पाहाव्यात. खरा ठसा पात्याबरोबरच झिजलेला असतो. गंजलेल्या पात्यावर कडा धारदार राहिलेला ठसा मात्र नंतरचा असण्याची शक्यता अधिक. गंजही तपासावा. अनेक दशकांचा गंज कुठे खोल, कुठे नुसता काळपट, असा विषम असतो, तर आम्ल लावून आणलेला गंज सगळीकडे एकसारखा बारीक खड्ड्यांचा दिसतो. मुठीच्या दोन फळ्या रुंद पोलादी पट्टीवर रिबिटांनी जोडलेल्या असतील आणि एखादा विक्रेता अशी खुकुरी १८५० ची म्हणत असेल, तर थांबावे. जुन्या घडणीत पात्याचे निमुळते शेपूट लाखेसारख्या चिकट द्रव्याने मुठीत बसवत असत. रिबिटांची पद्धत मुख्यतः सैनिकी नमुन्यांबरोबर विसाव्या शतकात रुळली. म्यानाबाहेर काढलेल्या खुकुरीला रक्त दाखवावेच लागते, ही गोष्ट तर कुणी सांगू लागले तरी तिच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. नेपाळी घरांत याच खुकुरीने लाकूड फोडतात आणि भाजी चिरतात.

नेपाळी सैन्याच्या जुन्या खुकुऱ्यांवर नागरी अक्षरे व अंक असतात, हा आपल्यासाठी मोठा फायदा आहे. मात्र तिथे १९७४ असे साल दिसले, तर ते इसवी सन नव्हे. आपल्या पेठेत दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी चोपड्यांवर लिहितात, तोच हा विक्रम संवत. फक्त नेपाळात वर्ष वैशाखात सुरू होते. संवत १९७४ म्हणजे १९१७-१८. शिवाय जुने म्हणजे दुर्मीळ असे नाही. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील, म्हणजे जुन्या शस्त्रागारातील, शस्त्रसाठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि त्यातून अशा खुकुऱ्या मोठ्या संख्येने बाजारात आल्या. त्यामुळे राणाकाळातील, म्हणजे नेपाळात राणा घराण्याची सत्ता असतानाची, अस्सल खुकुरीसुद्धा अवाच्या सवा किमतीला घेण्याचे कारण नाही. हस्तिदंती मुठीच्या नगाला हातच लावू नये, कारण त्याचा व्यापार आपल्याकडे बंद आहे.

कायद्याची बाजू खरेदीआधीच पाहावी. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, घरकाम वा शेतीसाठी नसलेले सुरे शस्त्रांत मोडतात, आणि बहुतेक खुकुऱ्या या मापापलीकडे जातात. गुरख्यांना असलेली सूट आपल्याला लागू नाही. म्हणून माप आणि छायाचित्र जोडून सोलापूर पोलीस आयुक्तालयात लेखी विचारणा करावी व उत्तर जपून ठेवावे. मनाई आदेश लागू असताना ती घेऊन रस्त्यावर जाऊ नये, अगदी मित्राला दाखवायलाही. नेपाळहून स्वतः आणणार असाल, तर शंभर वर्षांहून जुनी वस्तू तिथल्या पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जुनी दिसणारी नवी खुकुरी असली तरी ती नवी असल्याचा दाखला घ्यावा.

प्रश्न : सैन्यात असलेल्या आजोबांची खुकुरी घरात आहे. पाते काळे पडले आहे. पॉलिश करून घ्यावे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कृपया करू नये. तो काळपट थर पात्याचे रक्षण करतो, आणि चाकावर घासले की ठशाची अक्षरे कायमची जातात. लाल गंज सुटत असेल, तेवढ्याच जागी शिलाई यंत्राचे तेल लावून मऊ कापडाने पुसावे. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. सोलापूरच्या कोरड्या हवेत वर्षाचा बराच काळ काळजी नाही, परंतु पावसाळ्यात पाते चामड्याच्या म्यानात ठेवू नये. म्यान वेगळे आणि पाते सुती कापडात गुंडाळून ठेवावे. आजोबांची पलटण आणि नोकरीची वर्षे कागदावर लिहून, तो कागद त्यांच्या सेवापुस्तिकेच्या प्रतीसह खुकुरीजवळ ठेवावा.