वाचकांचे प्रश्न : पहिल्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेला जाताना

प्रश्न : मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो, महाविद्यालयात शिकवतो आणि माझे वय ४४ आहे. आजोबांनी मला देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकवले. आंतरराष्ट्रीय नियमांनी मी चाळिशीनंतर खेळू लागलो. गेल्या वर्षी विदर्भातल्या रेटिंग स्पर्धा खेळून मला फिडेचे (जागतिक बुद्धिबळ महासंघाचे) १५१० रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, मिळाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपातली एखादी ओपन स्पर्धा खेळण्याची फार इच्छा आहे. आमच्या क्लबातील मंडळी म्हणतात की तिथे ग्रँडमास्टर असतात, पहिल्याच फेरीत धुव्वा उडेल, रेटिंग कोसळेल आणि एवढा खर्च पाण्यात जाईल. माझ्यासारख्याने जावे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जरूर जावे. ओपन स्पर्धा सर्वांसाठी खुली असते आणि प्रवेशशुल्क भरणारे आपल्यासारखे हौशी खेळाडू असतात म्हणूनच ती उभी राहते. तेव्हा आपण कुणाची जागा अडवत आहोत असा संकोच मनात मुळीच ठेवू नये. प्रश्न एवढाच आहे की कोणती स्पर्धा आणि त्यातला कोणता गट निवडायचा.

आधी रेटिंगच्या धास्तीविषयी लिहितो, कारण आपल्या मित्रांचा हिशेब नेमका उलटा आहे. नव्या खेळाडूचे पहिले ३० डाव पूर्ण होईपर्यंत फिडे त्याच्या रेटिंगसाठी ४० हा गुणक वापरते, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलावे ते ठरवणारा आकडा. आपल्यापेक्षा ४०० गुणांनी वरच्या खेळाडूशी आपण हरलात, तर ३.२ गुण जातात आणि प्रतिस्पर्धी त्याहून कितीही वरचा असला तरी यापेक्षा जास्त जात नाहीत. त्याच डावात बरोबरी साधली तर १६.८ गुण मिळतात आणि जिंकलात तर ३६.८. याउलट आपल्याच रेटिंगच्या खेळाडूकडून पराभव झाला तर २० गुणांची घट होते. म्हणजे ग्रँडमास्टरकडून हरण्याने रेटिंगचे फारसे बिघडत नाही. रेटिंगची खरी कसोटी बरोबरीच्या खेळाडूंसमोर लागते आणि तशी ती नागपुरातल्या स्पर्धेतही लागतेच.

पहिल्या फेरीत बलाढ्य प्रतिस्पर्धी का येतो, तेही समजून घ्यावे. जवळजवळ सर्व ओपन स्पर्धा स्विस पद्धतीने खेळवल्या जातात. ही पद्धत १८९५ मध्ये झुरिचच्या स्पर्धेत प्रथम वापरली गेली. कुणीही बाद होत नाही आणि प्रत्येक फेरीत शक्यतो सारखे गुण असलेल्यांची जोडी लावली जाते. पहिल्या फेरीत सर्वांचे गुण शून्य असल्यामुळे रेटिंगप्रमाणे यादी करून वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागासमोर बसवतात; १०० खेळाडू असतील तर पहिला एक्कावन्नाव्याशी खेळतो आणि पन्नासावा शंभराव्याशी. तेव्हा यादीत खाली असलेल्याची सुरुवात पराभवाने होणे हा पद्धतीचाच भाग आहे आणि दुसऱ्या फेरीपासून तो आपल्या तोलाच्या खेळाडूंमध्ये येऊ लागतो.

गटाविषयी माझे मत स्पष्ट आहे. अनेक मोठ्या महोत्सवांत रेटिंगच्या मर्यादेनुसार गट पाडलेले असतात. चेक प्रजासत्ताकातील पार्दुबित्से येथे जुलैमध्ये होणारी चेक ओपन तशीच आहे आणि आपल्याकडची दिल्लीची आंतरराष्ट्रीय ओपनही. ज्या गटात आपले रेटिंग साधारण मध्यावर येईल, तो गट घ्यावा. तिथे सहसा नऊ फेऱ्या असतात आणि त्यांतले बहुतेक डाव असे होतील की ते शेवटच्या तासापर्यंत लढता येतील आणि नंतर घरी बसून अभ्यासता येतील. सर्वांत वरच्या गटात नाव घातले तर एखाद्या नामांकित खेळाडूसमोर बसल्याचे समाधान मिळते, पण तसे एकतर्फी डाव सुधारणेला फारसे उपयोगी पडत नाहीत. तरीही एकदा तोच आनंद हवा असेल, तर १९६४ मध्ये सुरू झालेली रेक्याविक ओपन पाहावी. तिथे ग्रँडमास्टर आणि हौशी खेळाडू एकाच गटात खेळतात. ही हौस मी कमी लेखत नाही. फक्त पहिल्या परदेशवारीसाठी तिची शिफारस करणार नाही.

आता पटावरच्या शिस्तीकडे वळतो, कारण घरी बैठकीत खेळून मोठा झालेला खेळाडू ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या) अज्ञानाने जितका हरत नाही तितका हाताच्या सवयींनी हरतो. देशी खेळात राजाला एकदा घोड्याची चाल मिळते, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) नसते, त्यामुळे मोठेपणी शिकलेल्या कॅसलिंगमध्ये हात हमखास चुकतो. नियम असा आहे की कॅसलिंग एकाच हाताने करायचे आणि आधी राजाला हात लावायचा. आधी हत्तीला हात लागला, तर त्या बाजूचे कॅसलिंग करता येत नाही आणि हत्तीची चाल शक्य असेल तर तीच करावी लागते. घरच्या डावात ‘अहो, मला कॅसलिंगच करायचे होते’ म्हटले की भागते. तिथे समोरचा खेळाडू शांतपणे घड्याळ थांबवून पंचांना बोलावतो आणि त्यात त्याचे काहीही चुकत नाही.

प्यादे शेवटच्या घरात पोहोचल्यावरची गडबडही अशीच असते. जवळ दुसरा वजीर नसला की आपल्याकडे हत्ती उलटा ठेवून ‘हा वजीर’ म्हणण्याची प्रथा आहे. फिडेच्या नियमांत उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच असतो! वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडून मागून घ्यावा, मगच चाल पूर्ण करावी. नियमबाह्य चाल झाली तर पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात आणि त्याच डावात दुसऱ्यांदा तसे झाले तर सहसा डाव जातो. घड्याळ दाबायचे ते चाल केलेल्या हातानेच. बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा असेल तर आधी चाल करावी, मग प्रस्ताव द्यावा, मग घड्याळ दाबावे. काही स्पर्धांत ठरावीक चालींपूर्वी आपसात बरोबरी करण्यास मनाई असते, म्हणून स्पर्धेचे नियमपत्रक जाण्यापूर्वी नीट वाचावे.

सरावाचे म्हणाल तर युरोपात ९० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद हे वेळेचे नियंत्रण पुष्कळ ठिकाणी असते. साठ चालींचा डाव झाला तर दोघांचे मिळून चार तास होतात आणि काही दिवशी दोन फेऱ्याही असतात. जाण्यापूर्वीचे दोन महिने मोबाइलवरचे तीन-तीन मिनिटांचे डाव बंद ठेवून आठवड्यातून एक तरी पूर्ण लांबीचा डाव खऱ्या पटावर, घड्याळ लावून, चाली लिहून खेळावा. एवढी तयारी मला पुरेशी वाटते. चार नवी ओपनिंग घाईघाईने उरकण्यापेक्षा जे येते त्याचेच डाव पुन्हा पाहावेत.

डाव संपला की प्रतिस्पर्ध्याला विश्लेषणासाठी विनंती करावी, हे मी आग्रहाने सांगतो. त्यासाठी पुष्कळदा वेगळी जागा असते, तिथे पट मांडलेले असतात आणि नुकतेच एकमेकांविरुद्ध झुंजलेले दोघे शेजारी बसून कुठे काय दिसले नाही ते एकमेकांना दाखवतात. भाषा तोडकीमोडकी असली तरी अडत नाही, सोंगट्या हलवून सर्व सांगता येते. आपल्यापेक्षा वरचा खेळाडू ‘ही चाल मला भीतीदायक वाटत होती’ म्हणून जी चाल दाखवतो, ती कित्येकदा आपण विचारात घेऊन सोडून दिलेली असते. संगणकाचे मूल्यांकन रात्री पाहता येईल, पण माणसाने त्या क्षणी काय विचार केला हे संगणक सांगत नाही. आपल्या खर्चाचे मोल मुख्यतः या गप्पांत आहे.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. नागपुरात तिने शाळेच्या आणि रॅपिडच्या (कमी वेळाच्या डावांच्या) पुष्कळ स्पर्धा खेळल्या, पण तिला अजून क्लासिकल, म्हणजे लांब डावांचे, रेटिंग नाही. दिव्या देशमुख विश्वचषक जिंकून आल्यापासून तिला मोठी स्पर्धा खेळायचीच आहे. भारतातच होणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय ओपनच्या खालच्या गटात तिचे नाव दिले आहे. तिला काय सांगू आणि मी काय करू?
— एक आई, मनीषनगर

उत्तर : आपण निवडलेला मार्ग योग्य आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे दिव्याने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये (बरोबरीनंतरच्या निर्णायक डावांत) हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, हे आपल्या शहरातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक आहे. पण त्यामागे लहानपणापासून खेळलेल्या असंख्य फेऱ्या आहेत. नागपूरचेच रौनक साधवानी २०१९ मध्ये आणि संकल्प गुप्ता २०२१ मध्ये ग्रँडमास्टर झाले, तेही स्पर्धेमागून स्पर्धा खेळूनच. आंतरराष्ट्रीय ओपन सहसा नऊ फेऱ्यांची असण्याचे एक कारण असे, की ग्रँडमास्टर नॉर्मसाठी (किताबासाठी लागणाऱ्या ठरावीक दर्जाच्या कामगिरीसाठी) साधारणपणे किमान नऊ डाव लागतात. खालच्या गटातल्या मुलीला नॉर्मशी कर्तव्य नसले, तरी नऊ दिवस रोज नव्या माणसासमोर बसण्याचा सराव तिला त्याचमुळे मिळतो.

पहिले रेटिंग मिळण्यासाठी रेटिंग असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी एकूण पाच डाव व्हावे लागतात. रेटिंग नसलेल्यांशी खेळलेले त्यात धरले जात नाहीत. हे पाच डाव एकाच स्पर्धेत व्हावेत असेही नाही, २६ महिन्यांच्या अवधीत जमले तरी चालतात. पहिल्या स्पर्धेत अशा प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध एकही अर्धा गुण मिळाला नाही, तर ती स्पर्धा हिशेबातून वगळली जाते. मार्च २०२४ पासून रेटिंगची किमान पातळी १४०० आहे. एवढे आपल्याला माहीत असावे. मुलीसमोर मात्र स्पर्धा संपेपर्यंत रेटिंगचा विषय काढू नये, असे मला मनापासून वाटते.

रॅपिडमध्ये चाली लिहाव्या लागत नाहीत, क्लासिकलमध्ये लिहाव्या लागतात आणि मुलांची पहिली अडचण इथेच होते. प्रत्येक चालीला ३० सेकंद मिळत असतील तर शेवटच्या चालीपर्यंत लेखन चालू ठेवावे लागते. चाल आधी पटावर करायची आणि मग लिहायची. आधी लिहून ठेवलेली चाल नियमात बसत नाही. अपवाद एकच महत्त्वाचा : तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार म्हणून बरोबरीचा दावा करायचा असेल, तेव्हा चाल न करता ती लिहायची आणि पंचांना सांगायचे. हा अपवाद मुलांना बहुधा शिकवलेला नसतो आणि बरोबरी हातची जाते. आपण घरी तिच्याकडून हा प्रसंग पट मांडून करून घ्यावा.

दुसरी गोष्ट तिच्या मनावर बिंबवावी, ती म्हणजे हात वर करून पंचांना बोलावण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, समोर वयाने कितीही मोठी व्यक्ती असली तरी. मोठी माणसे लहान मुलांना पुन:पुन्हा बरोबरी विचारतात आणि आपल्याकडच्या मुली ‘काका म्हणाले’ म्हणून मान डोलावतात. अवाजवी वारंवार प्रस्ताव देणे हा नियमांप्रमाणे प्रतिस्पर्ध्याला त्रास देण्याचाच प्रकार आहे. मोठ्यांना मान द्यावा हे संस्कार घरात ठीक आहेत; पटावर दोघेही समान असतात. डाव संपल्यावर दोन्ही स्कोअरशीटवर (चाली लिहिण्याच्या कागदांवर) निकाल बरोबर लिहिला आहे ना, हे पाहूनच तिने सही करावी, कारण सही झालेला चुकीचा निकालही सहसा तसाच राहतो.

आपल्यासाठी एवढेच, की तिच्या खिशात किंवा पिशवीत फोन किंवा स्मार्टवॉच राहिलेले नाही हे आपण दारातच पाहावे. पंचांनी मान्य न केलेले उपकरण जवळ सापडले तर एरवी जिंकत आलेला डावही गमवावा लागतो. पालकांना बहुतेक ठिकाणी खेळाच्या दालनाबाहेर थांबवतात. तिने पाणी, स्वेटर आणि दोन पेने स्वतः सांभाळण्याची सवय आतापासून करावी. मे महिन्यातल्या नागपुरातून वातानुकूलित दालनात जाऊन चार तास बसणाऱ्या मुलीला स्वेटर खरोखर लागतो.

प्रश्न : युरोपातल्या स्पर्धेसाठी व्हिसा आणि प्रवास यांची सुरुवात कधी करावी?
— एक निवृत्त वाचक, महाल

उत्तर : नाव नोंदवल्याबरोबर. पारपत्राचे काम नागपुरातच होते. ते दहा वर्षांच्या आत काढलेले असावे आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसासाठी) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला सहसा १५ दिवस लागतात, पण ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. आयोजकांकडून आपल्या नावाचे निमंत्रणपत्र मागून घ्यावे, त्यात स्पर्धेच्या तारखा आणि फिडे क्रमांक असावा. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडची आपली नोंदणी चालू आहे हेही तपासावे.

पहिल्या फेरीच्या किमान एक दिवस आधी पोहोचावे. विमान चुकण्याची शक्यता वाटत असेल, तर सुरुवातीच्या एखाद्या फेरीसाठी अर्ध्या गुणाची बाय, म्हणजे न खेळता अर्धा गुण घेऊन फेरी सोडण्याची सवलत, मिळते का ते नियमपत्रकात पाहून आधीच लेखी मागून ठेवावी. ऐनवेळी केलेली विनंती सहसा मान्य होत नाही. परतीचे तिकीट शेवटच्या फेरीच्या दुसऱ्या दिवशीचे काढावे, म्हणजे नववा डाव घड्याळाकडे पाहत उरकावा लागणार नाही.