रुमालाखालचा सौदा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘तुम्हाला त्रास देतोय’, ‘रागावू नका’ हे सगळं बाजूला काढलं की एवढंच उरतं: महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका तुझ्या शाखेत आठ लाखांची एफडी रिन्यू करायला आल्या आणि घरी गेल्या त्या युलिपच्या, म्हणजे विमा आणि शेअर बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीच्या अर्जावर सह्या करून. वर्षाला दोन लाख, पाच वर्षं. त्यांना वाटतंय की दोन लाख ‘जास्त व्याजाच्या एफडीत’ गेले आणि उरलेले सहा जुन्या एफडीत आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा दोन लाख भरायचे आहेत, हे त्यांच्या गावीही नाही. विमा कंपनीचा व्हेरिफिकेशनचा फोन येईल तेव्हा सगळ्याला हो म्हणा, हे त्यांना तूच सांगितलंस. ‘मी खोटं एकही वाक्य बोललो नाही’ असं लिहिलंयस. नसशील बोलला. तरी रात्री दीड वाजता मला मेसेज करावासा वाटला, म्हणजे त्या वाक्याने तुझं स्वतःचं समाधान झालेलं नाही.

आधी कामाचं. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. स्टॅम्प ड्युटी, तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे असं किरकोळ वजा होतं, युनिटचा भाव थोडा खाली-वर झालेला असतो, बाकी रक्कम परत मिळते. बाईंना फोन करू नकोस, घरी जा. सांग की ही एफडी नाही, पाच वर्षं यातून पैसे निघणार नाहीत, दर वर्षी दोन लाख भरायचे आहेत, आणि यातून बँकेला कमिशन मिळतं नि माझं टार्गेट भरतं. हे ऐकूनही त्या ‘राहू दे’ म्हणाल्या तर राहू दे. पैसा त्यांचा, मर्जी त्यांची. पण ऐकल्यानंतरची मर्जी.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो खरं तर तुझा पहिला प्रश्न आहे. ‘काका, मार्केटमध्ये मोठे झालेले सगळे असेच मोठे झाले ना? त्यांच्यावरच तर सिरीज निघतात.’

तू आणि तुझे मित्र या पडद्यावरच्या माणसांवर वाढलात, हे मला माहीत आहे. मीही वाढलो. ‘वॉल स्ट्रीट’ हा १९८७ चा सिनेमा मी पाहिला तेव्हा मलाही त्यातल्या बड्या सटोडियासारखे, गॉर्डन गेकोसारखे सस्पेंडर्स घालून फोनवर ओरडावंसं वाटलं होतं. ऑलिव्हर स्टोनचे वडील स्वतः शेअर दलाल होते, सिनेमा त्यांनाच अर्पण केलाय, आणि स्टोनला दाखवायची होती ती हाव माणसाला कुठे नेते ते. घडलं उलटंच. गेकोची भूमिका करणाऱ्या मायकेल डग्लसला पुढे कित्येक वर्षं तरुण भेटून सांगत राहिले, तुमच्यामुळे आम्ही या धंद्यात आलो. हावेची थोरवी गाणारं ते प्रसिद्ध भाषणही हवेतून आलेलं नाही. आयव्हन बोएस्की नावाचा खराखुरा बडा सटोडिया १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांसमोर जवळपास तेच बोलला होता. त्याच वर्षी इनसायडर ट्रेडिंगच्या, म्हणजे आतल्या खबरीवर शेअर्स घेण्याच्या प्रकरणात त्याला दहा कोटी डॉलर भरायचं कबूल करावं लागलं.

पण मला त्या सिनेमातली वेगळीच गोष्ट सतावते. गेकोच्या नादी लागलेल्या तरुण दलालाचे, बड फॉक्सचे वडील एका विमान कंपनीत काम करतात, युनियनमध्ये असतात. कंपनीच्या बाजूने एक निकाल लागणार आहे, हे ते बोलता बोलता मुलाला सांगून जातात. मुलगा ती खबर गेकोला देतो, शेअर्स घेतले जातात, भाव चढतो, दोघांची चांदी होते. आता सांग, ते शेअर्स त्या दिवशी विकले कोणी? कोणीतरी विकलेच ना? विकले असते का त्याने, खबर त्यालाही असती तर? तो माणूस सिनेमात एका क्षणासाठीही दिसत नाही. कदाचित त्याच्या मुलीचं लग्न असेल. कदाचित तोही त्याच कंपनीत स्पॅनर धरणारा असेल. मला तो माणूस बघायचाय. तुझ्या गोष्टीत तो माणूस म्हणजे त्या मुख्याध्यापिका.

माझे वडील, आबा, बाजार समितीत माल तोलणारे मापाडी होते. आधी मुंबईत, मग बाजार वाशीला हलला तेव्हा वाशीला. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. काही सौदे तेव्हा रुमालाखाली व्हायचे. दलाल आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरायचे, वर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल तो शेतकरी हातभर अंतरावर उभा. त्याच्या घामाचा भाव त्याच्या डोळ्यांदेखत ठरत असे आणि तो सोडून बाकी दोघांना कळत असे. मग हातात पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद यायचा. हमाली, तोलाई, वाराई, आडत म्हणजे दलाली वजा जाता इतके. आबा म्हणायचे, वजन उघड्यावर आणि भाव रुमालाखाली, हा कुठला न्याय? त्यांच्या काट्याभोवती दहा माणसं वाकून बघत असायची आणि त्यांना ते आवडायचं. बघा, खुशाल बघा, म्हणायचे. फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय २०१६ मध्ये झाला तेव्हा आबा नव्हते. ते असायला हवे होते.

मी आयुष्यभर एवढंच धरून बसलोय. रुमाल काढायचा. रुमाल काढल्यावर सौदा टिकतो का बघायचं. टिकला तर तो धंदा. मोडला तर तो कधी धंदा नव्हताच.

तू लगेच म्हणशील, मग व्यापारी कमावणार कशावर? समोरच्यापेक्षा जास्त माहीत असतं म्हणूनच तर तो कमावतो. बरोबर. नुसत्या वासावरून कांदा किती दिवस टिकेल सांगणारी माणसं मी वाशीला पाहिली आहेत. ते ज्ञान त्यांनी उन्हातान्हात उभं राहून मिळवलं, त्याचे पैसे त्यांनी घ्यावेत. मी म्युच्युअल फंड विकतो, फंडाचा ताळेबंद वाचायला शिकलो, त्याचे मी घेतो. रुमाल वेगळा. समोरचा ज्या वस्तूसाठी पैसे देतोय ती वस्तू कोणती आहे आणि त्यात माझा किती वाटा आहे, हे झाकणं म्हणजे रुमाल. यात धूसर काही नाही. धूसर आहे असं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांनी तुला ते शिकवलंय.

हर्षद मेहतांचा १९९२ चा घोटाळा तुला सिरीजमुळे तोंडपाठ आहे. रेडी फॉरवर्ड म्हणजे रोखे विकून ठरल्या दिवशी परत घ्यायचे बँकांचे सौदे, बँक रिसीट, एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर दोनशेच्या आसपासवरून नऊ हजारांपर्यंत कसा गेला, सगळं. त्या बँक रिसीटकडे जरा नीट बघ. ‘रोखे आमच्याकडे आहेत’ असं सांगणारा तो कागद, आणि मागे रोखेच नाहीत. कागदाचा रुमाल. असे कागद काढणाऱ्यांत एक होती बँक ऑफ कराड. आपल्या कराडची. ती बुडाली आणि १९९४ मध्ये तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. एसीसीचा भाव तू झोपेत सांगशील. कराडच्या ठेवीदारांपैकी एकाचा तरी चेहरा डोळ्यांसमोर येतो का तुझ्या? पत्रकार सुचेता दलाल यांनी २३ एप्रिल १९९२ ला टाइम्समध्ये बातमी दिली, म्हणजे तरी काय केलं? रुमाल ओढला. त्यासरशी सौदा कोसळला.

हर्षद मेहता ३१ डिसेंबर २००१ ला गेले ते आपल्या ठाणे शहरातच, कोठडीत असताना, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये. वय ४७. हे मी तुला भीती घालायला सांगत नाहीये. पकडले जाऊ म्हणून करू नकोस, असं मी तुला कधीच म्हणणार नाही, कारण ते कारण लंगडं आहे. बहुतेक लोक पकडले जात नाहीत. तुझा बॉस तर नाहीच पकडला जाणार, त्याला प्रमोशन मिळेल. पुढच्या दिवाळीला तो नवी गाडी घेईल आणि तू ती बघशील. तेव्हा तुझ्याकडे ‘शेवटी वाईटाचं वाईटच होतं’ यापेक्षा भक्कम काहीतरी असलं पाहिजे. म्हणून सांगतोय, रुमाल काढ.

एक जुना सिनेमा मात्र आवर्जून बघ. १९५५ चा ‘श्री ४२०’. त्यातही फसवी योजनाच आहे, शंभर रुपयांत घर. पण पैसे कोणाचे जाणार आहेत ते राज कपूर तुला विसरू देत नाही. फुटपाथवर झोपणारी माणसं, केळी विकणारी ललिता पवारांची गंगामाई, सगळे आधी तुझ्या ओळखीचे होतात. मग नायकाचा भारी सूट बघूनही तुला त्याच्यासारखं व्हावंसं वाटत नाही. पैशांवरचा सिनेमा मी यावरून तोलतो: हरलेल्याचं तोंड दाखवलंय की नाही. आजकालच्या कित्येकांत नसतं.

तुझ्या मित्रांबद्दलही लिहून टाकतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये मान खाली घालून ऑप्शनचे कॉल बघत असतात ना? शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्यूचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले, खर्चासकट सरासरी दोन लाखांच्या घरात. तरी त्यांना टिप्स देणारे ग्रुप जोरात चालतात. मित्रांना सांग, त्या ग्रुपवाल्यांना एकच विचारा, तुमच्या लिंकवरून मी खातं उघडलं तर ब्रोकर तुम्हाला किती देतो? उत्तर मिळतंय का बघा.

आता माझं सांगतो. १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडाचा एन्ट्री लोड बंद झाला. तोवर लाख रुपये गुंतवणाऱ्याचे सव्वादोन हजारांपर्यंत आधीच कापले जायचे आणि आम्हा एजंटांची पोटं त्यावर चालायची. नौपाड्यातलं ऑफिस तेव्हा दोघांचं होतं. माझा भागीदार म्हणाला, युलिप विकू, पहिल्याच हप्त्यात भरपूर सुटतात. मी म्हटलं, विकू, पण कमिशनचा आकडा लिहून देऊन विकू. तो म्हणाला, आकडा दाखवल्यावर कोण घेईल? मी म्हटलं, झालं तर मग, यातच उत्तर आलं. त्या वाक्यावर आमची भागीदारी संपली. आज घोडबंदर रोडला त्याचे फ्लॅट आहेत. आम्ही एका वर्गात शिकलो होतो, आता समोरासमोर आलो तर हवापाण्याचं बोलतो. ती खंत आहे, ती आहेच.

पुढे २०१३ च्या जानेवारीपासून एजंटाशिवाय थेट घेता येणारे डायरेक्ट प्लॅन आले, आणि तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिल्याच भेटीत सांगतो: हाच फंड डायरेक्ट घेतलात तर खर्च कमी पडेल, माझ्याकडून घेतलात तर मला दर वर्षी इतके मिळतील, त्याबदल्यात मी हे हे काम करीन. काही जण आभार मानून उठतात ते पुन्हा येत नाहीत. माझ्या मुलीच्या शिक्षणाला कर्ज काढावं लागलं, ते तिने स्वतः फेडलं. बायकोने एकदा विचारलं होतं, ‘आपल्याच घरात एवढा हट्ट कशाला? बाकीचे काय दरोडेखोर आहेत?’ नाहीत. तुझा बॉसही दरोडेखोर नाही, तूही नाहीस. घरची साधी माणसंच रुमाल टाकतात, म्हणून तर तो इतका चालतो. लोक म्हणतात, मला धंदा कळला नाही. मला कळला. ज्यांच्याशी व्यवहार केला त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी मी न सांगता जाऊ शकतो. कोणाला बघून मला रस्ता ओलांडावा लागत नाही. याची किंमत मी मोजली, ती जास्त होती असं मला आजही वाटत नाही, आणि वाटायला लावणारा अजून भेटायचाय.

पण माझं राहू दे. माझ्या वेळी घर घेणं जमत होतं, तुझ्या डोक्यावर कळव्याच्या फ्लॅटचा हप्ता आहे, बाबांची औषधं आहेत. मी हे विसरून बोलत नाहीये.

राजीनाम्याचं विचारलंस. आत्ता देऊ नकोस. आधी बॉसला मेल कर, तोंडी नको: ‘यापुढे ग्राहकाला मुदत, दर वर्षीचा हप्ता आणि कमिशन सांगूनच मी पॉलिसी विकणार आहे.’ एवढंच, त्यात मला घालू नकोस आणि भाषण देऊ नकोस. ते तुला दुसऱ्या डेस्कवर टाकतील, बहुधा. टाकू देत. तोवर इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरच्या दोन्ही परीक्षा दे, दहा-ए आणि दहा-बी. घेणारी संस्था इथेच वाशीला सेक्टर १७ मध्ये आहे. सल्ल्याची फी उघड घ्यायची आणि कमिशनला हात लावायचा नाही, असा तो धंदा आहे. सुरुवातीला कमाई कमी, हेही आत्ताच सांगून ठेवतो. पुस्तकं माझ्याकडे आहेत, रविवारी अकराच्या आत ये, नंतर माझ्याकडे लोक येतात. आणि येण्याआधी बाईंकडे जाऊन आलेला असलास पाहिजेस.

तुझा,
काका