क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा क्षणात विरतो, मग तो तयार झाला हे कशावरून म्हणायचं?

हा प्लाझ्मा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनमधले क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन मोकळे झालेलं अतितप्त द्रव्य, डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही. तिथे येतात ते त्यातून बनलेले पायॉन, केऑन, प्रोटॉन असे कण, आणि त्यांच्यावरून माग काढावा लागतो. पण ‘कुणी पाहिलाय?’ हा जो सूर तुमच्या प्रश्नात आहे, त्याच्याशी माझं जुनं भांडण आहे.

पीएचडी करताना मी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत होणाऱ्या सोन्याच्या केंद्रकांच्या टकरींवर काम करत होतो. एका परिसंवादात एक ज्येष्ठ प्राध्यापक मला मध्येच तोडून म्हणाले, “ही नुसती सुट्या प्रोटॉन-टकरींची बेरीज आहे, तिला द्रव कसलं म्हणता?” मी आलेख पुन्हा पडद्यावर आणला. दोन केंद्रकं जरा बाजूने आदळली की त्यांचा सामाईक भाग बदामासारखा होतो. सुट्या टकरी असत्या तर कण सगळीकडे सारखे उडाले असते, कारण एका टकरीला शेजारच्या टकरीची खबर नसते. प्रत्यक्षात बदामाच्या आखूड अक्षाच्या दिशेने जास्त कण निघतात, कारण त्या दिशेने दाब झपाट्याने उतरतो. आणि दाब म्हटला की माध्यम आलंच! द्रवगतिकीचं गणित इथे चपखल बसतं, तेही अगदी नगण्य स्निग्धता धरून. यावर ते म्हणाले, “फिटिंग कशाचंही होतं,” आणि खाली बसले. वेळ संपली होती.

तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगतो. सोनं-सोनं टकरीत एका जेटच्या (वेगवान क्वार्क किंवा ग्लुऑनपासून निघणाऱ्या कणांच्या झोताच्या) समोरचा जोडीदार जेट जवळपास नाहीसा होतो. 2003 मध्ये ड्युटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन एवढंच केंद्रक) आणि सोनं यांच्या टकरी तपासल्या, तिथे तो शाबूत होता. म्हणजे जेट गिळणारं काहीतरी टकरीनंतर तयार होतं, केंद्रकात आधीपासून नसतं. हे फिटिंग नाही.

तयार होण्याचं म्हणाल तर तापमान साधारण 1.8 लाख कोटी केल्विनच्या वर गेलं की प्रोटॉन-न्यूट्रॉनची हद्द उरत नाही, क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे होतात. उकळबिंदूसारखी ठाम रेषा मात्र नाही, बदल सलग होतो.

तुम्हाला कुणी ‘बेरीज’ म्हणून गप्प करू पाहिलं, तर बेरजेत जेट कुठे गेला ते विचाराच. हां, एक गोष्ट मान्य करायला हवी: 2010 पासून एलएचसीत (जिनिव्हाजवळच्या सर्नच्या महाकाय कणत्वरकात) प्रोटॉन-प्रोटॉनच्या खूप कण देणाऱ्या टकरींतही प्रवाहासारख्या खुणा दिसल्यात. त्यामुळे एकट्या प्रवाहावर निकाल देऊ नका. जेट मात्र तिथे असे विझताना आढळलेले नाहीत.