हीट पंप थंडीआधीच बसवा

दादा, अंघोळीचं पाणी तापवायचा हीट पंप बसवायला थंडी पडायची वाट बघू नका. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि नेमका तेव्हाच प्लंबर मिळत नाही. दिवाळीआधी काम उरकून घ्या.

जागा मात्र नीट बघा. हा पंप हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी उष्णता मिळते. कोंदट जागेत तो स्वतःच थंड केलेली हवा पुन्हा ओढत बसतो. आम्ही आधी जिन्याखाली ठेवला होता. टाकी तापता तापत नव्हती. गच्चीवर हलवला तेव्हा सुटलो. बेडरूमच्या खिडकीजवळ नकोच, घुरघुर ऐकू येते. खाली थेंब थेंब पाणी ठिबकतं, त्याला नळी काढा. टायमर दुपारचा लावा, तेव्हा हवा उबदार असते.