तिथे मला नावाने कोणी ओळखत नाही

द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. कुटुंब पिंपळगाव बसवंतकडचं, वडील बागेत अडकलेले, म्हणून मुलीला घेऊन आई एकट्याच नाशकात गंगापूर रोडवर माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. बसता बसताच त्यांनी विचारलं, "मॅडम, हिला पुण्याहून परत आणू का? एम.एस्सी. नाशकातही होतं. डिग्री त्याच विद्यापीठाची मिळते ना?"

मिळते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशीच संलग्न आहेत. ही मुलगी नाशकात बी.एस्सी. करून, प्रवेश परीक्षा देऊन, थेट विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या आवारात भौतिकशास्त्र शिकायला गेली होती. आता दर शुक्रवारी संध्याकाळी वाकडेवाडीहून एसटी धरून घरी यायची आणि रविवारी दुपारी रडत परत जायची. पहिल्या इंटर्नलला 30 पैकी 11 मिळाले होते. आजवर वर्गात पहिली येणारी मुलगी.

आई बोलत होत्या तोवर ती गप्प होती. मग एकदम म्हणाली, "कॉलेजात सर मला नावाने हाक मारायचे. तिथे मला नावाने कोणी ओळखत नाही. मी आठ दिवस गेले नाही तरी कुणाला कळणार नाही."

हे वाक्य मी दरवर्षी ऐकते, दिवाळीच्या आधी किंवा नंतर. बोलणारी मुलं बहुतेक वेळा हुशारच असतात.

आधी मी तिची झोप आणि भूक विचारली. घरी आली की ती पोटभर जेवत होती, गाढ झोपत होती, चुलतभावंडांत हसत होती. म्हणून मला थोडा धीर आला. घरी येऊनही जेवण जात नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. इथे ती वेळ नव्हती.

मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, "तुझं विद्यापीठ काढ." चारशे एकरांहून मोठं आवार. तिने तीन ठिपके काढले: होस्टेल, विभाग, गेट. मधे दोन रेषा. "आणि जयकर ग्रंथालय?" "एकदा गेले होते, कार्ड काढायला." मग तिला नावाने ओळखणाऱ्या माणसांची नावं लिहायला सांगितली. रूम पार्टनरसकट चार झाली.

तिला वाटत होतं, जागा फार मोठी आहे म्हणून आपण हरवलो. मला त्या कागदावर वेगळंच दिसलं. तिने ती जागा अजून वापरलीच नव्हती.

मग आम्ही बराच वेळ एकाच गोष्टीवर बोललो. तिच्या नाशिकच्या कॉलेजात शिकवणं हेच सरांचं मुख्य काम होतं. मूल दोन दिवस दिसलं नाही तर ते विचारायचे. संशोधन करणाऱ्या विद्यापीठात शिकवणारा माणूस स्वतःही काही शोधत असतो. त्याची प्रयोगशाळा असते, पीएच.डी.ची मुलं असतात, प्रकल्प असतात. दार उघडं असतं, पण तो तुम्हाला शोधत येत नाही. आमची मुलं या न विचारण्याचा अर्थ लावतात, "मी त्या लायकीची नाही." गुण त्यानंतर घसरतात. त्यात इंग्रजी. तिला वर्गात शंका येत होत्या, पण त्या इंग्रजीत मांडायच्या धास्तीने ती वही मिटून घ्यायची. मी म्हटलं, "तास संपल्यावर समीकरणावर बोट ठेव आणि निम्म्या मराठीत विचार. गणिताला भाषा लागत नाही."

"बसमध्ये काय करतेस?" मी विचारलं.

"झोपते. नारायणगावला जाग येते."

नारायणगावहून आत खोडदजवळ जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली, 30 अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. भाच्याला घेऊन मी विज्ञान दिनाला तिथे गेले होते, म्हणून मला ठाऊक. तिने पुस्तकात नाव वाचलं होतं. पण ती दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेची इमारत आपल्याच विद्यापीठाच्या आवारात आहे आणि जयंत नारळीकरांनी उभारलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाही तिथेच आहे, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. भौतिकशास्त्राची मुलगी दर आठवड्याला दोनदा त्या फाट्यावरून झोपून जात होती. हे ऐकून ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघायला लागली.

परत येण्याबद्दल मी आईंना स्पष्ट सांगितलं की त्यात कमीपणा काहीच नाही. गेल्या वर्षी एका मुलाला मीच परत यायला सांगितलं. घरी आजारपण होतं, ते त्याच्यासाठी योग्यच ठरलं. पैशाची अडचण असेल तर मात्र आधी विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी करावी. या मुलीला ना आजारपणाची अडचण होती, ना पैशाची. "निर्णय पहिल्या सेमिस्टरनंतर घ्या. तोवर तिने एक आड एक शुक्रवारी यावं," मी म्हटलं.

आईंचे डोळे भरले. "मग मी कशी राहू, मॅडम?"

हे त्यांनी बोलून दाखवलं ते फार बरं झालं. त्या ओढीत निम्मा भाग आईचा होता. रोज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर त्या पहिलं विचारायच्या, "रडली नाहीस ना?" आम्ही तो प्रश्न बदलला: "आज कुणाशी बोललीस?" मुलीला मी दोनच कामं दिली. रोज संध्याकाळी जयकरमध्ये एकाच ठिकाणी बसायचं आणि ते 11 गुणांचे पेपर घेऊन सरांकडे जायचं.

पेपर घेऊन जायला तिला बारा दिवस लागले. सरांनी दहा मिनिटं दिली. तिची पद्धत बरोबर होती, सुरुवातीलाच एक अट धरायची राहून गेली होती. निघताना त्यांनी गाव विचारलं. जयकरमध्ये समोर बसणारी बीडची पीएच.डी. करणारी ताई जुने पेपर सोडवायला मदत करू लागली. आयुकातलं एक व्याख्यान ऐकून ती मला म्हणाली, "पाव कळलं, पण कुणी हसलं नाही." सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिलाच. त्या आठवड्यात ती पुन्हा दोन दिवस घरी येऊन झोपून होती. पण सोमवारी पहाटेच्या गाडीने स्वतःच गेली.

मार्चमध्ये आई द्राक्षांची पेटी घेऊन आल्या, एकट्याच. विज्ञान दिनाला मुलगी दोन मैत्रिणींबरोबर नारायणगावला उतरून खोडदला गेली होती. तिथून तिने बागेत वडिलांना फोन लावला. काढणी चालू होती, तरी त्यांनी उचलला. 45 मीटर व्यास म्हणजे केवढा, हे त्यांना कळेना. तिने तिथेच हिशेब केला आणि सांगितलं, "पप्पा, एक छत्री सोळा गुंठ्यांची."

"आणि अशा किती म्हणालीस?"

"तीस."

वडील काढणी सोडून बांधावर बसले आणि पाऊण तास बोलत राहिले, असं आई सांगत होत्या.