कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना बाहेरच्या कोचचा किंवा मेंटॉरचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि मुख्यतः तो माणूस बाहेरचा असतो म्हणून. ज्याच्या हातात आपलं अप्रेझल आहे त्या साहेबासमोर "मला टीम सांभाळणं जमत नाहीये" असं कोण म्हणेल?

एरिक श्मिट २००१ मध्ये गूगलचे सीईओ झाले. गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी त्यांना कोच घ्यायला सुचवलं, तेव्हा त्यांना ते मुळीच रुचलं नव्हतं. एवढा अनुभव असताना कोच कशाला? कोच होते बिल कॅम्पबेल, कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक आणि इंट्युइट या सॉफ्टवेअर कंपनीचे माजी सीईओ. पुढे श्मिट यांनीच जाहीरपणे सांगितलं की आपल्याला मिळालेला तो सर्वोत्तम सल्ला होता.

माझ्या मते सीईओपेक्षाही जास्त गरज पहिल्यांदा टीम लीड झालेल्यांना असते. कालपर्यंत बरोबरीने चहा पिणाऱ्यांना आज कामावरून बोलायचं, हे कुणी शिकवलेलंच नसतं. तांत्रिक बाबतीत मात्र कंपनीतलाच अनुभवी सिनियर बरा.

एक अट पक्की हवी. किती बैठका झाल्या आणि उद्दिष्टं काय ठरली, एवढंच एचआरला कळावं. आतलं बोलणं अजिबात नाही. कोच नेमतानाच हे करारात लिहून घ्या.